एक कीबोर्ड, दोन संगणक आणि सहाव्या तासाला थांबलेली फिल्म

जर्मनीतल्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर दोन कीबोर्ड आणि दोन माऊस होते. डावीकडचा संगणक सूक्ष्मदर्शकाचा, उजवीकडे माझा लॅपटॉप. कॉफीचा कप ठेवायला जागा नाही, आणि चुकीचा माऊस हलवून "हा पॉइंटर का हलत नाहीये?" म्हणत वैतागणं रोजचंच. शेवटी एका शनिवारी मी दोन्हीकडे कीबोर्ड-माऊस वाटून घेणारं मोफत सॉफ्टवेअर टाकलं. लॅपटॉपच्या पडद्याच्या डाव्या कडेवर पॉइंटर नेला की तो थेट शेजारच्या संगणकावर उतरायचा. पहिल्या दिवशी मी पाच मिनिटं तो नुसता इकडून तिकडे नेत बसले होते.

तीन आठवड्यांनी याच सोयीपायी माझा एक प्रयोग बुडाला.

झेब्राफिश या छोट्या माशाचा भ्रूण जवळजवळ पारदर्शक असतो. अंडं फलित झाल्यावर साधारण दहाव्या ते चोविसाव्या तासापर्यंत त्याच्या अंगात डोक्याकडून शेपटीकडे एकेक खंड तयार होत जातो, साधारण अर्ध्या तासाला एक. यातूनच पुढे मणके आणि स्नायू बनतात. मला सलग चौदा तासांची फिल्म हवी होती. सहा तास झाल्यावर, घरी निघण्याआधी, मी पॉइंटर डावीकडे नेला, चित्रण नीट चालू आहे ना ते पाहिलं आणि उजवीकडे नजर वळवून एका मेलला उत्तर टाइप केलं: "येस, टेन इज फाइन फॉर मी". अक्षरं उमटली नाहीत. मला वाटलं लॅपटॉप अडकला. माऊस हलवला, पुन्हा टाइप केलं, पाठवलं आणि घरी गेले.

सकाळी डावीकडच्या संगणकावर एक फाइल सापडली. तिचं नाव "इज फाइन फॉर मी". लांबी सहा तास.

झालं असं होतं. नजर उजवीकडे होती, पण पॉइंटर डावीकडेच राहिला होता. तिथे फोकस "थांबवा" या बटणावर होता, आणि फोकस असलेलं बटण स्पेसने दाबलं जातं. "येस" नंतरच्या स्पेसने "खरंच थांबवायचं का?" ही खिडकी उघडली, "टेन" नंतरच्या स्पेसने तिला होकार दिला, आणि पुढचे शब्द फाइलच्या नावात गेले. एंटरने फाइल नीट जतनही केली! सॉफ्टवेअरने मी सांगितलं तेच केलं. मी कुणाला सांगतेय, हे मलाच माहीत नव्हतं.

मग मी हे प्रकरण आतून कसं चालतं ते वाचायला घेतलं. (हे आधी करायला हवं होतं, मान्य.) पॉइंटर पलीकडे "जातो" हा निव्वळ भास आहे. आपण कुठे आहोत हे माऊसला माहीतच नसतं. तो फक्त "मागच्या वेळेपासून इतकं उजवीकडे, इतकं खाली" एवढंच सांगतो, साध्या माऊसमध्ये सेकंदाला १२५ वेळा. पॉइंटरची जागा ठरवतो तो संगणक.

सिनर्जी आणि तिच्यापासून फुटून निघालेलं बॅरियर ही मंडळी याचाच फायदा घेतात. कीबोर्ड-माऊस ज्याला जोडलेत तो संगणक सर्व्हर, दुसरा क्लायंट. सर्व्हर म्हटलं की डोळ्यांसमोर मोठं यंत्र येतं, त्यामुळे इथे अनेकांची उलटापालट होते, माझीही झाली होती. जोडणी होताना क्लायंट आपल्या पडद्याची लांबी-रुंदी सांगून ठेवतो. पॉइंटर कडेला पोचला की सर्व्हर स्वतःचा पॉइंटर लपवतो आणि तो पुन्हा पुन्हा पडद्याच्या मध्यावर आणून ठेवतो, म्हणजे कुठल्याही दिशेला हलायला जागा उरते. प्रत्येक हालचालीला तो बेरीज करतो आणि क्लायंटला कळवतो, "तुझा पॉइंटर या ठिकाणी ठेव." कड ओलांडून काहीच जात नाही. एक जण लपतो, दुसरा हुकमाप्रमाणे हलतो.

हा निरोप अगदी चिमुकला असतो, जेमतेम १२ बाइटचा. त्याला नेणारं टीसीपी-आयपीचं पाकीट मात्र किमान ४० बाइटचं. पत्रापेक्षा पाकीट जड! अशा छोट्या पाकिटांनी जाळं तुंबू नये म्हणून जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये एक युक्ती सुचवली: आधीच्या पाकिटाची पोच येईपर्यंत छोटे निरोप साठवा आणि एकदम पाठवा. पण माऊसचे निरोप साठवले तर पॉइंटर उड्या मारत चालेल. म्हणून ही सॉफ्टवेअर नेगलची युक्ती मुद्दाम बंद ठेवतात.

कीबोर्डची गोष्ट आणखी मजेची. त्याच्यावर काय छापलंय हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते, पण वरच्या ओळीतली ती कळ दोन्हीकडे एकच आकडा पाठवते, २८. त्याचा वाय करायचा की झेड, हे संगणकातली मांडणी ठरवते. वाटून घेणारं सॉफ्टवेअर कळीसोबत तिचं अक्षरही पाठवतं आणि क्लायंट आपल्या मांडणीत ते अक्षर शोधतो. आता सर्व्हरवर इंग्रजी आणि क्लायंटवर मराठी इन्स्क्रिप्ट असेल तर? इंग्रजी "के"च्या कळीवर तिथे "क" बसलेला, खुद्द "के" कुठेच नाही. मग काहीच उमटत नाही किंवा भलतंच उमटतं. माझा तोडगा साधा आहे: दोन्हीकडे मांडणी एकच ठेवायची, आणि मराठी लिहायचं ते कीबोर्ड जोडलेल्या संगणकावरच.

हे सगळं नको असेल तर बटणवाला यूएसबी स्विच मिळतो. साध्या स्विचमध्ये दर बदलाला संगणकाला वाटतं, कीबोर्ड उपटून पुन्हा लावला, त्यामुळे क्षणभर थांबावं लागतं. पण जाळ्याची भानगड नाही. कंपनीच्या लॅपटॉपवर परवानगीशिवाय काही टाकता येत नसेल तर हाच मार्ग. नाहीतर निदान एन्क्रिप्शन चालू आहे ना ते बघा. तुम्ही टाइप केलेला प्रत्येक पासवर्ड त्या तारेवरून किंवा वायफायवरून जात असतो.

माझ्या चुकीला मात्र जुनी परंपरा आहे. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात ब्राव्हो नावाचा संपादक होता. त्यात टाइप करण्याची आणि आज्ञा देण्याची अवस्था वेगळी. आज्ञेच्या अवस्थेत चुकून इंग्रजी "एडिट" टाइप केलं की ई म्हणजे सगळं निवड, डी म्हणजे पुसून टाक, आय म्हणजे नवं घाल. सगळा मजकूर जाऊन उरायचं फक्त "टी". तिथेच काम करणाऱ्या लॅरी टेस्लर यांना अशा अवस्थांचा इतका तिटकारा, की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर "नो मोड्स" होतं. कट-कॉपी-पेस्ट आपल्यापर्यंत पोचवणाऱ्यांपैकी ते एक.

दोन संगणकांत एक कीबोर्ड ही तीच अवस्थांची भानगड, आणि जरा वाईट रूपात. एका संगणकावर लुकलुकणारी रेघ एकाच जागी असते. इथे दोन्ही पडद्यांवर दोन रेघा लुकलुकत असतात, आणि दोन्ही संगणकांना वाटतं की आपणच खरे. त्या संध्याकाळी माझ्या मेलच्या खिडकीत रेघ दिसतच होती.

आता लॅपटॉप आणि विश्लेषणाचा संगणक यांच्यात एकच कीबोर्ड आहे. कडेवर दोनदा आपटल्याशिवाय पॉइंटर पलीकडे जात नाही, आणि मोठं काही लिहिताना मी स्क्रोल लॉक दाबून त्याला एका पडद्यावर बांधून ठेवते. क्लिपबोर्डची देवाणघेवाण बंद केली आहे. सूक्ष्मदर्शकाला त्याचा जुना कीबोर्ड परत दिला आणि तो प्रयोग पुन्हा केला. चौदा तासांची फिल्म मिळाली. कॉफीचा कप खिडकीत ठेवते.