आजीसाठी शिवलेला मास्क

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडली की पलीकडच्या काठावर तेरेखोल. बाकीचा पेडणे तालुका नदीच्या दक्षिणेला आणि आमचं गाव तेवढं उत्तरेला. पश्चिमेला समुद्र, उरलेल्या दोन बाजूंना महाराष्ट्र. गोव्यात राहून रेडी-शिरोड्याचा बाजार करणारी आम्ही माणसं. एरवी सीमा कुठे सुरू होते हे आमच्या लक्षातही येत नाही. मार्च २०२० मध्ये मात्र ते नीट कळलं. २४ तारखेच्या रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झाला, राज्यांच्या सीमा बंद झाल्या, आणि एका बाजूला बंद रस्ता तर दुसऱ्या बाजूला नदी अशी आमची अवस्था झाली.

माझे बारावीचे काही पेपर राहिले होते. घरात आई, बाबा, मी आणि दम्याची आजी. सामान आणायला बाबांना बाहेर जावंच लागायचं. औषधांच्या दुकानात विचारलं तर मास्क संपलेले. आईने कपाटावरचं कापडाचं गाठोडं खाली काढलं आणि म्हणाली, "चल, आपणच शिवूया."

त्या उन्हाळ्यात आम्ही जे शिकलो, ते इथे लिहून ठेवते. साथ पुन्हा येऊ नये. पण आली, तर हे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

कापडी मास्क करतो काय?

आपण बोलतो, खोकतो, हसतो तेव्हा तोंडातून बारीक थेंब बाहेर पडतात. मास्क त्यातले बरेचसे तोंडाशीच अडवतो. घालणाऱ्याचा थोडाफार बचाव होतो, पण कापडी मास्कचा मुख्य उपयोग समोरच्याला. म्हणजे माझा मास्क तुमच्यासाठी आणि तुमचा माझ्यासाठी. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने लोकांना घरीच केलेले, धुऊन वापरता येणारे मास्क लावायला सांगितले. सर्जिकल आणि एन-९५ मास्कचा तुटवडा होता आणि ते आधी डॉक्टर-नर्सना मिळणं गरजेचं होतं.

कल्पना नवी नव्हती. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला, तेव्हा वू ल्येन-तेह या डॉक्टरांनी कापूस आणि गॉज यांच्या थरांचा मास्क वापरायला लावला होता. १९१८ च्या फ्लूच्या साथीतही अनेक देशांत लोकांनी गॉजचे मास्क लावले.

आमच्या आजीला मात्र मास्क सहन होत नव्हता. पाच मिनिटांत जीव घुसमटायचा. श्वासाचा त्रास असणाऱ्यावर आणि दोन वर्षांखालच्या बाळावर मास्कची सक्ती करायचीच नसते. मग तिचं रक्षण कसं करायचं? एकच मार्ग होता. तिच्या आसपास येणाऱ्या प्रत्येकाने मास्क लावायचा.

पहिला घाणा फसला

जाड तेवढं चांगलं, असं मी धरून चालले. सोफ्याच्या कव्हराचं उरलेलं दणकट कापड होतं, त्याचे बारा मास्क शिवले आणि शेजारीपाजारी वाटले. दोन दिवसांनी पाहते तर कुणाचा मास्क हनुवटीवर, कुणाचा गळ्यात. बाबांचासुद्धा नाकाखाली! मला भयंकर राग आला. लोकांना काही कळतच नाही, असं मी तावातावाने बोलले.

शेजारच्या आंटीने आयुष्यभर पायमशीनवर फेस्ताचे फ्रॉक शिवले. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बाय, तो तू घाल आणि धक्क्यापर्यंत चालत जाऊन ये."

एप्रिलमधलं ऊन. अर्ध्या वाटेवर कापड ओलं झालं, नाकाला चिकटलं, श्वास लागला. मीच तो खाली ओढला. चूक लोकांची नव्हती, माझ्या मास्कची होती. कापड कितीही अडवणारं असो, मास्क नाकावर राहिला नाही तर तो नसल्यासारखाच.

कापड कसं निवडायचं?

घट्ट विणीचं, पण श्वास घेता येईल असं सुती कापड हवं. पॉपलीन, चादरीचं कापड, न विरलेली लुंगी, सुती शर्ट चालतात. खूप जुनी साडी मऊ असते खरी, पण तिची वीण सैल झालेली असते. आंटीने दोन परीक्षा शिकवल्या. कापडाचे दोन पदर उजेडापुढे धरायचे. आरपार भोकं दिसली तर ते बाजूला ठेवायचं. मग मास्क घालून वीतभर अंतरावरच्या मेणबत्तीवर फुंकर मारायची. ज्योत सहज विझली तर कापड सैल आहे. या ढोबळ परीक्षा आहेत, प्रयोगशाळेतल्या नव्हेत. तिसरी परीक्षा माझी: तो घालून दहा मिनिटं चालायचं.

कापड आधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून घ्या. नाहीतर शिवल्यावर आटतं.

शिवायचा कसा?

मोठ्या माणसासाठी ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच असे दोन तुकडे लागतात. ३६ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडातून असे २० तुकडे निघतात, म्हणजे १० मास्क. नाड्यांचं कापड वेगळं. शाळकरी मुलांसाठी ७ इंच बाय साडेपाच इंच पुरतं.

१. दीड इंच रुंद, १६ इंच लांब अशा चार पट्ट्या घ्या. कडा आत दुमडून टीप मारली की नाड्या तयार.

२. दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा. चारही कोपऱ्यांत एकेक नाडी आतल्या बाजूने ठेवून टाचणी लावा. नाडीचं टोक तेवढं कडेला येऊ द्या.

३. पाव इंच सोडून चारी बाजूंनी टीप मारा. खालच्या कडेला दोन इंच जागा उघडी ठेवा. तिथून मास्क सुलटा करून इस्त्री फिरवा.

४. विजेच्या वायरीचा चार-पाच इंचांचा तुकडा, प्लास्टिकच्या आवरणासकट घ्या. टोकं वळवा, म्हणजे टोचणार नाहीत. उघड्या जागेतून तो वरच्या कडेपर्यंत सरकवा आणि त्याच्याखाली टीप मारा. ही तार नाकावर दाबून बसवायची. आत तांबं असल्यामुळे ती गंजत नाही.

५. अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या तीन आडव्या चुण्या घाला. बाहेरून पाहताना चुण्यांची तोंडं खाली हवीत. वर ठेवली तर त्यांत धूळ साचते. आता उंची साडेतीन इंच राहील.

६. सगळ्या कडांवरून पुन्हा एक टीप मारा. उघडी जागा बंद होते आणि चुण्याही पक्क्या बसतात.

घातल्यावर चुण्या उघडून कापड नाकाच्या वरपासून हनुवटीच्या खालपर्यंत यायला हवं. गालांशी फट राहिली तर हवा तिथूनच जाते, मग कापड कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही.

इलॅस्टिक आम्हाला मिळालंच नाही, म्हणून नाड्या. पण त्या सोयीच्या निघाल्या. लहान-मोठ्या डोक्याला चालतात, कान दुखत नाहीत आणि गरम पाण्याने सैल पडत नाहीत.

५ जून २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तीन थरांचा सल्ला दिला. आतला थर घाम-ओल शोषणारा सुती, बाहेरचा पाणी न शोषणारा, पॉलिएस्टरसारखा, आणि मधे गाळणीचं काम करणारा, न विणलेल्या पॉलीप्रॉपिलीनचा. बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या मिळतात ना, त्या बहुधा याच पॉलीप्रॉपिलीनच्या असतात.

धुणं आणि पावसाळा

वापरलेला मास्क नाड्यांनी काढायचा, पुढच्या कापडाला हात लावायचा नाही. रोज साबण आणि गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवायचा. मे महिन्यापर्यंत हे छान चाललं. माझे उरलेले पेपरही मी असाच मास्क लावून दिले. जून लागला आणि आमची पंचाईत झाली. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. दोरीवरचा मास्क दोन-दोन दिवस ओला! ओला मास्क घालायचा नाही, त्यातून श्वास घेणं कठीण होतं. तेव्हा माणशी दोनाऐवजी चार मास्क शिवले आणि चुलीजवळ दोरी बांधली. निघायच्या आधी इस्त्री फिरवायची.

मर्यादाही सांगायला हवी

बांगलादेशात २०२०-२१ मध्ये ६०० गावांत मास्कचा मोठा अभ्यास झाला. काही गावांत फुकट मास्क वाटले, वापराची आठवण करून दिली, गावातल्या मान्यवरांनी स्वतः घालून दाखवले. त्या गावांत नीट मास्क घालणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत आजार कमी झाल्याचं स्पष्ट दिसलं. कापडी मास्कबाबत मात्र तितका ठाम निष्कर्ष निघाला नाही.

म्हणून सांगते, चांगला मास्क मिळत असेल तर तोच वापरा. पुढे सर्जिकल मास्क मिळू लागले तेव्हा बाबाही तेच वापरू लागले. दुसरं काहीच हाताशी नसेल, तेव्हाच कापडी मास्क. आणि तोही लोकांना घालवेल असा.

एकूण एकशे चाळीस मास्क आम्ही शिवले. निम्मे आंटीच्या मशीनवर, निम्मे आमच्या. मार्च २०२१ मध्ये ज्येष्ठांचं लसीकरण सुरू झालं आणि आजीने लस घेतली. तिला कोविड झाला नाही. ते मास्कमुळे, लसीमुळे की नशिबाने, मला सांगता येणार नाही. एवढं मात्र खरं, की त्या पूर्ण वर्षात आमच्या उंबऱ्यावर आलेला प्रत्येक माणूस आजी दिसताच आधी हात नाकाकडे न्यायचा आणि मास्क वर करायचा. मासे घेऊन येणारे काकासुद्धा. त्यांना मी ते कधीच सांगितलं नव्हतं.

सोफ्याच्या कापडाचा एक मास्क अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. आता काहीही शिवलं तरी आधी स्वतः घालून, चार पावलं चालून बघते.