काळूकाठचा टिटवाळा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६४ किलोमीटरांवर, कल्याण सोडून शहाड आणि आंबिवली ही दोन स्थानके मागे पडली की कसाऱ्याच्या वाटेवर टिटवाळा लागतो. महागणपतीचे क्षेत्र म्हणून त्याची ख्याती सर्वत्र आहे. परंतु काळू नदीच्या काठचे हे भातशेतीचे गाव डोळ्यांदेखत महानगराचे उपनगर कसे झाले, याकडे दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या भाविकाचे सहसा लक्ष जात नाही. ते जावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

लोकश्रद्धा या स्थानाचे नाते थेट कण्व ऋषींच्या आश्रमाशी जोडते. दुष्यंताच्या वियोगाने व्याकुळ झालेल्या शकुंतलेने ऋषींच्या आज्ञेवरून येथे गणेशाची आराधना केली आणि तिचे हरपलेले सौभाग्य तिला परत लाभले, अशी ती कथा आहे. कालिदासाच्या नाटकातील कण्वाश्रम मालिनी नदीच्या तीरी, हिमालयाच्या पायथ्याशी आहे, हे खरे. पण विवाह जुळावा, मोडू पाहणारा संसार सावरावा म्हणून येथे येणाऱ्या माणसांची श्रद्धा भूगोलाच्या पुराव्यावर कधीच अवलंबून नव्हती. दुसरी परंपरा पेशवाईतील आहे. दुष्काळात पाण्याची सोय व्हावी म्हणून येथील तलावातील गाळ उपसण्याचे काम चालले असता ही मूर्ती प्रकट झाली आणि पुढे माधवराव पेशव्यांच्या आश्रयाने मंदिर उभे राहिले, असे ती सांगते. तलावाची निगा राखताना देव सापडला, हा या परंपरेचा गाभा मला मोलाचा वाटतो, कारण टिटवाळ्याच्या पुढील साऱ्या प्रश्नांची गुरुकिल्ली त्यातच आहे.

गावाच्या भवितव्याला खरी कलाटणी दिली ती लोहमार्गाने. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली गाडी १८५४ च्या मे महिन्यात कल्याणला पोहोचली आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वासिंदपर्यंतचा मार्ग खुला झाला. तो काळूकाठच्या याच मुलुखातून गेला.     १९३० साली कल्याण ते इगतपुरी विजेची गाडी सुरू झाली, कालांतराने लोकलच्या फेऱ्या वाढल्या, आणि मुंबईत नोकरी करून येथे बिऱ्हाड करणे मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आले.

तोवर या परिसराचे वर्ष भाताच्या लागवडीने बांधलेले होते. वैशाखात शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या आणि वर मातीचा थर पसरून राब भाजायचा. पहिल्या पावसाच्या सुमारास तेथे पेरणी करायची. आषाढात रोपे उपटून चिखलणी केलेल्या खाचरांत त्यांची लावणी करायची. आणि दिवाळीच्या आगेमागे कापणीला लागायचे, असा क्रम आगरी व कुणबी कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. खाचराचे बांध पाणी अडवीत आणि अतिवृष्टीचे पाणी पसरायला जागाही देत. पिकाला लागणारी ही व्यवस्था साऱ्या गावाचे पुरापासून रक्षणही करीत असे.

भातशेतीच्या गावाचे उपनगर होण्याच्या या परिवर्तनाची लेखी साक्ष पाहायची असेल, तर तलाठ्याच्या दप्तरातील सातबारा उतारा हाती घ्यावा. वरच्या भागात, म्हणजे नमुना सातमध्ये, भोगवटादारांची नावे, क्षेत्र आणि आकार. खालच्या भागात, नमुना बारामध्ये, सालवार पिकांची नोंद. वारसाहक्काने नावे वाढत जातात, खरेदीखताचे फेरफार मंजूर होतात, पोटहिस्से पडतात आणि एके दिवशी जमीन बिनशेती होते. त्या नोंदीनंतर भाताचा रकाना रिकामा राहतो. गाव उपनगर होण्याची घटिका खरोखर तीच. पाटीवरचे नाव बदलण्याची त्यास आवश्यकता नसते.

१ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महानगरपालिका अस्तित्वात आली. आज टिटवाळा आणि शेजारचे मांडा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या 'अ' प्रभागात मोडतात. रुळांच्या दोन्ही अंगांस इमारतींच्या रांगा उभ्या आहेत, शाळा, दवाखाने व बाजार वाढले आहेत. आणि अंगारकीच्या दिवशी स्थानकापासून मंदिरापर्यंत दुर्वा, जास्वंद आणि पेढ्यांच्या दुकानांतून वाट काढीत भाविकांचा लोंढा चालत राहतो. ज्यांना मुंबईत घर परवडले नाही, त्यांना या गावाने छप्पर दिले, हे त्याचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु पावसाळ्यात काळूला पूर आला की रुंदे गावाकडचा पूल पाण्याखाली जातो, पलीकडच्या खेड्यांचा संपर्क तुटतो आणि सखल भागांतील घरांत पाणी शिरते. नदीला ज्या खाचरांत पसरायची सवय होती, तेथे भराव पडले आहेत.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. गावात तलाव, नदीचा घाट, गुरचरण आणि ओढे यांवर साऱ्यांचा हक्क असे, म्हणून त्यांची राखण करण्याची जबाबदारीही साऱ्यांची असे. नगरात मालमत्तेच्या प्रत्येक चौरस फुटाला धनी असतो. पण जे सर्वांचे होते, त्याला वाली उरत नाही. पालिकेने घरपट्टी वसूल करावी, रस्ते बांधावेत, नळ द्यावेत, हे तिचे कर्तव्यच आहे. त्याबरोबरच गावठाणाची हद्द, ओढ्यांचे प्रवाह, तलावाची पाळ आणि नदीचे पूरक्षेत्र यांची नोंद तितक्याच काटेकोरपणे ठेवून ती अबाधित राखणे, हेही तिच्या कर्तव्यात मोडते. नव्याने वसलेल्या रहिवाशांनीही हा विषय जुन्या गावकऱ्यांचा म्हणून बाजूस सारू नये, कारण पुराचे पाणी भूमिपुत्र आणि नवागत असा भेद करीत नाही. ज्या क्षेत्राचा देव तलाव उपसताना सापडला असे आपण श्रद्धेने सांगतो, तेथे दरवर्षी गाळ काढणे आणि ओढे मोकळे ठेवणे ही पूजेइतकीच नित्याची सेवा मानली गेली, तरच टिटवाळ्याचे उपनगर होणे हा त्या गावाचा उत्कर्ष ठरेल.