खेळ आणि पदवी : सवलत नको, व्यवस्था हवी

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील हजारो घरांत एक निर्णय जवळजवळ न बोलताच होऊन जातो. शाळेच्या संघातून जिल्हा वा विभागीय पातळीपर्यंत खेळलेल्या मुलाची किट माळ्यावर जाते आणि शिकवणीचे वेळापत्रक भिंतीवर लागते. चंद्रपूरलगतच्या ऊर्जानगरातही याहून वेगळे घडत नाही. २९२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. अभियंते, तंत्रज्ञ आणि कामगारांच्या या वस्तीत शिक्षणाचे मोल कोणाला सांगावे लागत नाही. मुलाने चांगले खेळावे असे पालकांना वाटते. पण खेळापायी पदवी हुकली तर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नसते. म्हणून 'आधी अभ्यास, मग खेळ' असे ठरते आणि तो 'मग' बहुधा कधी येत नाही.

हा पेच केवळ आपलाच नाही. उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीपटूंपुढे तो गेली शंभर-सव्वाशे वर्षे उभा आहे. पंचेचाळीस अंशांपलीकडे तापणाऱ्या चंद्रपुरात बर्फावरच्या हॉकीचा विचार कोणाला चमत्कारिक वाटेल. तथापि खेळाडू आणि विद्यार्थी या दोन्ही भूमिका एकाच माणसाने एकाच वेळी पार पाडायच्या तर काय काय लागते, हे या खेळाच्या महाविद्यालयीन रचनेत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

वेळ मोजून दिलेली

हार्वर्ड आणि ब्राऊन या दोन अमेरिकी विद्यापीठांचे संघ १८९८ मध्ये बर्फावर एकमेकांशी भिडले. अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन आइस हॉकीची सुरुवात साधारणतः तेथून मानतात. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा १९४८ मध्ये सुरू झाली आणि मिशिगन विद्यापीठ पहिले विजेते ठरले. महिलांसाठी अशी स्पर्धा व्हायला २००१ साल उजाडावे लागले. आज पहिल्या श्रेणीत पुरुषांचे साठहून अधिक आणि महिलांचे चाळीसहून अधिक संघ खेळतात.

हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि वसंत ऋतूच्या आरंभी संपतो. म्हणजे शैक्षणिक वर्षाचा बहुतेक भाग तो व्यापतो. मात्र सामने प्रामुख्याने शुक्रवारी आणि शनिवारी ठेवलेले असतात, जेणेकरून आठवड्यातील बाकीचे दिवस वर्गासाठी मोकळे राहावेत. हंगामात सक्तीचा सराव आणि सामने मिळून दिवसाला चार व आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी आहे. प्रवास आणि वैयक्तिक व्यायाम धरला तर प्रत्यक्षात याहून बराच अधिक वेळ जातो, ही तक्रार जुनी आहे. तरीही मर्यादा कागदावर आहे. त्यामुळे ती मोडली तर बोट ठेवता येते.

गुणांची अट, पैशाची हमी

पहिल्या श्रेणीत खेळण्यासाठी शालेय पातळीवर ठरवून दिलेले १६ मुख्य अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी राखावी लागते. प्रवेशानंतरही मोजणी थांबत नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पदवीचा ४० टक्के, तिसऱ्याच्या अखेरीस ६० टक्के आणि चौथ्याच्या अखेरीस ८० टक्के भाग पूर्ण झालेला असावा लागतो. अभ्यासात मागे पडलेला खेळाडू कितीही गोल करत असला तरी त्याला बाहेर बसावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संपूर्ण संघाच्या शैक्षणिक प्रगतीचाही निर्देशांक काढला जातो आणि तो ठरलेल्या पातळीखाली घसरला तर संघाला राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद होऊ शकते. परिणामी, खेळाडूने तास बुडवू नये ही चिंता प्राध्यापकाइतकीच प्रशिक्षकालाही करावी लागते.

पैशाची बाजूही नियमांतच बसवलेली आहे. पहिल्या श्रेणीतील अनेक विद्यापीठे हॉकीपटूंना शिष्यवृत्ती देतात. हार्वर्ड, कॉर्नेल यांसारखी आयव्ही लीगमधील विद्यापीठे खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देत नाहीत, गरजेनुसार आर्थिक साह्य करतात. शेजारच्या कॅनडातील कनिष्ठ हॉकी संघटनांची रीत तर विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. खेळाडू जितके हंगाम खेळेल, साधारणतः तितक्या वर्षांच्या उच्च शिक्षणाच्या शुल्काची तरतूद त्याच्यासाठी होते. खेळात पुढे जमले नाही तर काय, या पालकांच्या प्रश्नाचे ते सरळ आणि लेखी उत्तर आहे.

ही रचना माणसाला काय देऊ शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे कॅनडाचे गोलरक्षक केन ड्रायडेन. व्यावसायिक संघांची नजर त्यांच्यावर आधीच पडली होती, तरी त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाचा मार्ग धरला. १९६७ मध्ये कॉर्नेलच्या राष्ट्रीय विजेत्या संघाचे ते गोलरक्षक होते आणि १९६९ मध्ये ते इतिहास विषयाचे पदवीधर झाले. पुढे मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडून खेळता खेळता मॅकगिल विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. १९७३-७४ च्या हंगामात कराराबाबत मतभेद झाले, तेव्हा ते खेळापासून दूर राहिले आणि टोरंटोतील एका विधी संस्थेत उमेदवारी करू लागले. परत येऊन पुन्हा विजेतेपदे मिळवली. व्यावसायिक हॉकीतील सर्वोच्च मानला जाणारा स्टॅन्ले चषक त्यांनी सहा वेळा जिंकला, १९७९ मध्ये ऐन उमेदीत निवृत्ती घेतली आणि २००४ मध्ये ते कॅनडाचे केंद्रीय मंत्री झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. असे यश प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. परंतु खेळ थांबला तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा रस्ता तयार होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

काळी बाजू

या व्यवस्थेला आदर्श मानण्याचे मात्र कारण नाही. पैसा आला की नियमांना पळवाटाही फुटतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात सुमारे १८ वर्षे नावापुरते वर्ग चालत होते आणि ३१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला, असे २०१४ च्या चौकशी अहवालात उघड झाले. त्यांतील जवळपास निम्मे खेळाडू होते. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करता येऊ लागली. २०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापासून विद्यापीठे आपल्या उत्पन्नातील वाटा थेट खेळाडूंना देऊ शकतात. हॉकीत तर याच वेळी कॅनडाच्या कनिष्ठ लीगमधील खेळाडूंवरील जुनी बंदीही उठली. विद्यार्थी खेळाडू आणि व्यावसायिक खेळाडू यांतील रेषा पुसट होत चालली आहे. यातून आपण घ्यायचे ते झगमगाटाचे अनुकरण नव्हे. वेळ, अभ्यास आणि पैसा या तिन्हींचा विचार आधी करून तो लिहून ठेवण्याची शिस्त तेवढी घेण्यासारखी आहे.

आपल्याकडची परंपरा

महाराष्ट्राला ही कल्पना अपरिचित नाही. आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा १९३५-३६ पासून खेळली जाते. अजित वाडेकर, सुनील गावस्कर, दिलीप वेंगसरकर, रवी शास्त्री हे सारे मुंबईच्या महाविद्यालयीन क्रिकेटच्या मुशीतून पुढे आले. त्या काळी बँका आणि मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत, म्हणून मध्यमवर्गीय घरे मुलाला मैदानावर सोडायला धजत. खेळाच्या मागे भाकरीची सोय उभी होती.

अलीकडच्या काळात राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने शिक्षण, निवास आणि प्रशिक्षण एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे २००९ मध्ये याच प्रबोधिनीत दाखल झाला होता आणि २०१५ पासून त्याला मध्य रेल्वेच्या नोकरीचा आधार होता. विदर्भापुरते पाहायचे तर नागपूरची बॅडमिंटनपटू मालविका बनसोड हिने स्पर्धा खेळत असतानाच दहावी आणि बारावीत नव्वद टक्क्यांहून अधिक गुण मिळवले आणि जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या स्पर्धेत सायना नेहवालला हरवले.

ही उदाहरणे स्फूर्तिदायक आहेतच. पण त्यांच्यामागे बहुधा एक तर पूर्णवेळ लक्ष घालणारे कुटुंब असते, नाही तर एखादी संस्था. ज्याच्यापाशी दोन्ही नाही त्याच्या वाट्याला येते ती सवलत. दहावी-बारावीत खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार कमाल २५ पर्यंत वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत २००५ पासून खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. २०१८ पासून 'खेलो इंडिया' योजनेतून निवडक खेळाडूंना दीर्घकालीन साह्य मिळू लागले, आणि २०२० मध्ये भुवनेश्वर येथे पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या. या साऱ्या तरतुदी उपयोगाच्या आहेत. परंतु त्या बहुतांशी यश मिळाल्यानंतर हाती पडतात. यशाच्या आधीच्या तीन-चार वर्षांत ७५ टक्के हजेरीची अट कशी पाळायची, सत्र परीक्षा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या तर काय करायचे, हे प्रश्न पुष्कळदा प्राचार्यांच्या सौजन्यावर सुटतात किंवा सुटत नाहीत.

वाघ, अंतर आणि पहाटेचा सराव

चंद्रपूर-गडचिरोलीत या अडचणींना भूगोलाचीही जोड आहे. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. नागपूर ऊर्जानगरहून दीडशे किलोमीटरवर, तर सिरोंचाहून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर. स्वतंत्र विद्यापीठामुळे या जिल्ह्यांचा स्वतःचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरू लागला, ही मोठी गोष्ट होय. तरी सिरोंचाच्या विद्यार्थ्याला आजही गडचिरोली गाठायला सुमारे दोनशे किलोमीटर जावे लागते. एका निवड चाचणीसाठी त्याचे दोन दिवसांचे तास बुडतात.

उन्हाळ्यात येथे सराव करायचा तो पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. नेमकी तीच वेळ वन्यप्राण्यांच्या वावराची. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार आणि लगतच्या दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यात एक किशोरवयीन मुलगा मृत्युमुखी पडला. दोन्ही घटना दोन दिवसांच्या आत घडल्या. अशा ठिकाणी मुलीला पहाटे पाच वाजता एकटीने धावायला पाठवा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? येथे प्रकाशाची सोय असलेले, कुंपण घातलेले मैदान ही चैन राहत नाही, ती पहिली गरज ठरते.

संधी मिळाली तर येथली मुले काय करू शकतात, हे २०१८ मध्ये जगाने पाहिले. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाच्या 'मिशन शौर्य' उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. मैदानी उष्णतेत वाढलेल्या या मुलांना त्याआधी बर्फाळ प्रदेशात नेऊन टप्प्याटप्प्याने तयार करण्यात आले होते. निवड, प्रशिक्षण, आहार, खर्च सारे आधी ठरले होते. डिसेंबर २०२३ मध्ये बल्लारपूरजवळच्या विसापूर येथील क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धाही पार पडल्या. म्हणजे मैदानेही हळूहळू उभी राहत आहेत. उणीव आहे ती शालेय वय संपल्यानंतर खेळाडूला धरून ठेवणाऱ्या दुव्याची.

करता येण्याजोगे

या दुव्याला फार मोठा खर्च लागत नाही. विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या विद्यार्थ्याची स्पर्धाकाळातील अनुपस्थिती आपोआप हजेरीत धरली जावी. परीक्षा हुकली तर ती पुन्हा देण्याची तारीख आधीच जाहीर असावी. बुडालेले तास भरून काढण्यासाठी प्रत्येक महाविद्यालयाने एका प्राध्यापकाकडे जबाबदारी सोपवावी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत सहशैक्षणिक उपक्रमांना श्रेयांक आहेत. खेळाडूचा वर्षभराचा सराव त्यात गांभीर्याने मोजता येईल. आणि याच्या बदल्यात खेळाडूकडूनही दर सत्रात किमान शैक्षणिक प्रगतीची अट घालावी. कारण अटीविना दिलेली मोकळीक अखेरीस त्याचेच नुकसान करते.

पालकांनीही काही पथ्ये पाळायला हवीत. स्पर्धेची मूळ प्रमाणपत्रे जपून ठेवावीत आणि ती संघटना व स्पर्धा शासनमान्य आहे की नाही, याची खात्री प्रवेशशुल्क भरण्यापूर्वीच करून घ्यावी. नोकरीच्या वेळी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे पडताळणी होते आणि अमान्य स्पर्धेचे पदक तेथे निरुपयोगी ठरते. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची मर्यादा असल्याने मध्येच घेतलेला एखाद्या वर्षाचा खंडही महागात पडू शकतो, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

शंभरातील पाच-दहा मुलेही पदकापर्यंत पोहोचणार नाहीत, हे अमेरिकेतही खरे आहे आणि चंद्रपुरातही. म्हणूनच उरलेल्या नव्वदांचे काय होते, यावर एखाद्या व्यवस्थेची पारख करावी. खेळ सुटला तेव्हा त्यांच्या हाती पदवी असेल, तर पुढच्या पिढीतील पालक मुलांची किट माळ्यावर टाकण्याची घाई करणार नाहीत.