राहून गेलेल्या तपासण्या

25 मार्च 2020 रोजी कोविडच्या साथीमुळे देशभर टाळेबंदीचा अंमल सुरू झाला, तेव्हा घराबाहेर पडण्याची मुभा कोणाला आणि कशासाठी यासंबंधी जे हुकूम जिल्ह्याजिल्ह्यांतून सुटले, त्यांत आजारी माणसाला दवाखान्यात नेण्याची तजवीज होती. परंतु अंगात ताप नसलेल्या, हसत्याखेळत्या चार महिन्यांच्या बाळाला, त्याचे वजन करावे, डोके मापावे आणि ठरलेला डोस द्यावा एवढ्याच कारणासाठी बाहेर न्यावे किंवा नाही, या प्रश्नाचा निकाल घरोघर ज्याने त्याने आपल्या भीतीच्या आधारे लावला. पुष्कळ घरांत तो नकाराचा लागला, आणि त्याबद्दल कोणत्याही मातापित्यांस दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ज्या इमारतीत साथीचे रुग्ण दाखल होत होते, तिच्याच ओसरीवर तान्हे मूल घेऊन रांगेत उभे राहण्यास कोणती आई धजली असती? अंगणवाड्या बंद होत्या, अनेक गावांतील लसीकरणाची सत्रे काही काळ भरली नाहीत, आणि ज्या आशाताई नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाऊन त्याची विचारपूस करीत, त्यांच्यावरच साथीच्या सर्वेक्षणाचा भार पडला होता. लसीकरण ही अत्यावश्यक सेवा असल्याचे केंद्र सरकारने लवकरच स्पष्ट केले खरे, पण भीती हुकमाने जात नाही.

निरोगी दिसणाऱ्या मुलाची तपासणी कशासाठी, ही शंका साथ नसतानाही अनेकांच्या मनात असते. तिचे उत्तर बाल्यावस्थेच्या स्वरूपातच आहे. सर्वसाधारणपणे जन्मवेळचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षअखेर तिप्पट होते. पन्नास सेंटिमीटर लांबीचे अर्भक त्याच वर्षात पंचाहत्तर सेंटिमीटरांच्या घरात पोचते. इतक्या वेगाने माणूस पुढे आयुष्यात कधीही वाढत नाही. या वाढीत खंड पडला तर तो रोज मुलाला अंगाखांद्यावर वागवणाऱ्या आईच्याही ध्यानात येत नाही, कारण तिची नजर कालच्या मुलाशी आजच्या मुलाची तुलना करते आणि एका दिवसाचा फरक डोळ्यांना दिसण्याजोगा नसतो. म्हणूनच अंगणवाडीतील काट्यावर दरमहा घेतलेले वजन तारखेसह आलेखावर नोंदवण्याची पद्धत आहे. एका वजनावरून फारसे कळत नाही. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी ओळीने पाहिल्या म्हणजे रेषा वर चढते आहे, आडवी पडली आहे की खाली वळली आहे, हे अंगणवाडीताईला तत्काळ उमगते, आणि मूल उघड उघड हडकुळे होण्याच्या कितीतरी आधी उपाय करता येतो.

सहा महिने पुरे झाल्यावर आईचे दूध एकटे पुरत नाही आणि वरचे अन्न सुरू करावे लागते. हा संधिकाल गरीब घरातील मुलास अनुकूल परिस्थितीतही अवघड जातो. 2020 च्या उन्हाळ्यात ज्यांची रोजी बुडाली, ज्यांना मुलेबाळे घेऊन शेकडो मैल चालत गावी परतावे लागले, त्यांच्या घरी तो कसा गेला असेल याची कल्पनाच केलेली बरी. अंगणवाडीचा शिधा घरपोच देण्याची व्यवस्था झाली, हे निःसंशय स्तुत्य होते. परंतु सहा महिन्यांवरील ज्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरतो, त्याला तीव्र कुपोषित समजून तातडीने उपचार द्यावे लागतात. आणि दंडाला पट्टी लावल्यावाचून असे बालक हुडकून काढणे शक्य नसते. पट्टी लावण्यास फार तर अर्धे मिनिट लागते, आणि आईला शिकवली तर ती घरच्या घरी लावू शकते. माझ्या मते या एका साध्या गोष्टीकडे त्या काळात पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

काही दोष तर असे असतात की त्यांच्या उपचाराला मुदत असते. दाट जन्मजात मोतीबिंदूवर पहिल्या दोन-तीन महिन्यांत शस्त्रक्रिया झाली तर मेंदू पाहावयास शिकतो. विलंब लागला तर पुढे डोळा स्वच्छ करूनही दृष्टी पुरती येत नाही. श्रवणदोषाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराचा आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असा दंडक आहे, कारण भाषा कानावाटे येते आणि तिचा पाया याच काळात घातला जातो. प्रौढाने आपली तपासणी सहा महिने पुढे ढकलली तर बहुधा निभावून जाते. वर्षाच्या बाळाचे सहा महिने म्हणजे त्याचे अर्धे आयुष्य असते.

लसींची कथाही याहून वेगळी नाही. आईकडून मिळालेली गोवराविरुद्धची शक्ती पहिल्या वर्षातच ओसरू लागते, म्हणून नवव्या महिन्यानंतर पहिला आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस मुक्रर केला आहे. गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, आणि त्याला रोखण्यास शंभरांतील पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. शिवाय हा आजार अन्य रोगांविरुद्ध शरीराने पूर्वी मिळवलेली प्रतिकारशक्तीही काही अंशी पुसून टाकतो, असे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. अशा रोगाला साथीतील ढिलाई कशी मानवते, याचा दाखला त्याच वर्षी काँगोने दिला होता: तेथे इबोलाने सुमारे दोन वर्षांत 2,287 माणसे दगावली, आणि त्याच सुमारास गोवराने सहा हजारांहून अधिक बळी घेतले. जगाच्या नजरा इबोलाकडे होत्या.

आपल्याकडे काय झाले? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2021 मधील अंदाजानुसार, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लसीचा पहिला डोसही न मिळालेली भारतीय बालके 2019 साली सुमारे 14 लाख होती, ती 2020 साली 30 लाखांवर गेली. आणि 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्त्यांत गोवर उसळला. मालेगाव, भिवंडीतही तो पसरला. लस न घेतलेली लेकरे दगावली. मग घरोघर पाहणी सुरू झाली, जादा डोस देण्यात आले. ती धावपळ आवश्यकच होती, तथापि तिचे मूळ दोन वर्षांमागे राहून गेलेल्या डोसांतही होते.

पुढे कधी अशी साथ आली तर बालकांच्या तपासणीचा बंदोबस्त पहिल्या दिवसापासून वेगळा असावा. निरोगी बाळांसाठी निराळी वेळ, निराळे दार, शक्य तेथे मोकळ्या अंगणात सत्र, आणि एकाच खेपेस वजन, माप, तपासणी व डोस, एवढी व्यवस्था आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना अशक्य नाही. दूरध्वनीवरून आईला सल्ला जरूर द्यावा, मात्र दूरध्वनी हृदयाचे ठोके ऐकू शकत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आशाताई आणि नर्सबाईंना दुसऱ्या कामी लावताना त्यांचे मूळ काम कोण करणार, याचे उत्तर हुकूम काढणाऱ्याने त्याच कागदावर लिहावे.

ज्या घरांत काही राहून गेले असेल, त्यांनी संकोच करू नये. उशीर झाला म्हणून आधीचे डोस वाया जात नाहीत, ते पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागत नाहीत, साधे सर्दी-पडसे आड येत नाही, आणि एका दिवशी एकाहून अधिक लसी देता येतात. मात्र काही लसींना वयाची मर्यादा आहे. रोटाव्हायरसचा पहिला डोस राष्ट्रीय कार्यक्रमात वर्षाच्या आतच द्यावा लागतो. तेव्हा बाळाचे कार्ड काढून रिकाम्या राहिलेल्या चौकटी पाहा, आणि येत्या सत्राच्या दिवशी ते घेऊन उपकेंद्रात जा. राष्ट्रीय कार्यक्रमातील लसी तेथे विनामूल्य मिळतात.