क्रींची मतपेटी आणि बाबासाहेबांचा प्रश्न

कॅनडा हा देश फुटता फुटता वाचला ती तारीख ३० ऑक्टोबर १९९५. फ्रेंच भाषिकांच्या क्युबेक प्रांताने त्या दिवशी सार्वमत घेतले. प्रांताने सार्वभौम व्हावे की नाही, हा प्रश्न होता. त्र्याण्णव टक्क्यांहून अधिक मतदान झाले. 'हो' म्हणणारे ४९.४२ टक्के, 'नाही' म्हणणारे ५०.५८ टक्के. फरक ५४,२८८ मतांचा. आपल्याकडे लोकसभेच्या एका मतदारसंघात उमेदवार याहून मोठ्या फरकाने पडतात.

या सार्वमताची गोष्ट सांगणारे बहुतेक विद्वान इथेच थांबतात. फ्रेंच अल्पसंख्य, इंग्रजी भाषिक बहुसंख्य, थोडक्यात हुकलेले स्वातंत्र्य. पण त्याच क्युबेकात सहा दिवस आधी, २४ ऑक्टोबरला, आणखी एक मतदान झाले होते. ते घेतले जेम्स बे भागातील क्री आदिवासींनी, स्वतःच्या मतपेट्या मांडून. क्युबेक वेगळा झाला तर आम्हाला आणि आमच्या भूमीला कॅनडातून काढून नेण्यास आमची संमती आहे काय? ९६ टक्क्यांहून अधिक क्रींनी 'नाही' म्हटले. दोन दिवसांनी इन्युइट लोकांनीही असाच कौल घेतला. तेथेही सुमारे ९५ टक्के लोक वेगळे होण्याच्या विरोधात गेले.

चळवळीच्या वाचकांनी हे दुसरे मतदान नीट लक्षात घ्यावे, यासाठी हा लेख.

आधी फ्रेंचांना न्याय देऊ. त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. १७६३ च्या तहाने ब्रिटनने हा मुलूख फ्रान्सकडून मिळवला. पुढे दोनशे वर्षे मॉन्ट्रियलमध्ये मालक बहुधा इंग्रजी बोलणारा आणि मजूर फ्रेंच बोलणारा, अशीच रचना राहिली. स्वतःच्या शहरात फ्रेंच बोलणाऱ्याला 'स्पीक व्हाईट', म्हणजे गोऱ्यांची भाषा बोल, असे हिणवले जाई. ज्यांनी जातीचा अपमान सोसला आहे त्यांना हा अपमान समजावून सांगावा लागत नाही. १९६० नंतर हा समाज जागा झाला, १९६८ साली पार्टी क्युबेक्वा स्थापन झाली, १९७६ साली ती सत्तेवर आली आणि पुढच्याच वर्षी तिने फ्रेंच भाषेचा कायदा केला. १९८० च्या पहिल्या सार्वमतात सुमारे साठ टक्के लोक 'नाही' म्हणाले. १९८२ साली कॅनडाने आपली राज्यघटना ब्रिटनकडून स्वतःच्या हाती घेतली, ती क्युबेकच्या संमतीशिवाय. ही जखम होतीच.

पण पीडितही दुसऱ्याला पिडू शकतो. १९७१ साली क्युबेकचे मुख्यमंत्री रॉबेर बुरासा यांनी जेम्स बेच्या नद्यांवर प्रचंड धरणांची घोषणा केली. ज्यांच्या शिकारीच्या भूमीवर पाणी चढणार त्या क्रींना कोणी विचारले नव्हते. क्री न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यायमूर्ती माल्यूफ यांनी काम थांबवण्याचा हुकूम दिला आणि वरच्या न्यायालयाने आठवड्याभरातच तो स्थगित केला. आमच्या धरणग्रस्तांचे खटले चालवणाऱ्या कोणाही वकिलाला हा क्रम ओळखीचा वाटेल. तरीही त्या खटल्यामुळे सरकारला वाटाघाटीला बसावे लागले आणि १९७५ साली करार झाला. आणखी एक गोष्ट. क्युबेकने आदिवासींना प्रांतिक निवडणुकीत मताचा अधिकार दिला तो १९६९ साली, कॅनडाच्या सर्व प्रांतांत शेवटी. 'आम्ही एक राष्ट्र' म्हणणाऱ्या समाजाच्या दारात हे दुसरे लोक मताविना उभे होते.

क्रींचे कॅनडावर प्रेम होते असे नव्हे. आदिवासी मुलांना घरातून ओढून निवासी शाळांत कोंडणारे सरकार कॅनडाचेच होते. पण करारावर केंद्राची सही होती, १९८२ च्या घटनेच्या ३५ व्या कलमात आदिवासींचे हक्क नोंदले होते, आणि ती बांधिलकी एका रात्रीत दुसऱ्याच्या हाती जाऊ देण्यास ते तयार नव्हते. त्यांचे प्रमुख मॅथ्यू कून कम यांचा युक्तिवाद सरळ होता: कॅनडाचे तुकडे होऊ शकत असतील तर क्युबेकचेही होऊ शकतात. उत्तरेचा तो विस्तीर्ण प्रदेश क्युबेकला जोडला गेला तोच मुळी १८९८ आणि १९१२ च्या केंद्रीय कायद्यांनी.

निकालाच्या रात्री मुख्यमंत्री जाक पारिझो यांनी पराभवाचे खापर 'पैसा आणि वांशिक मते' यांच्यावर फोडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली. पण शब्द तोंडातून निघून गेला होता. 'आपण' म्हणजे नेमके कोण, हे त्या एका वाक्याने उघडे पडले.

बाबासाहेबांना याचे नवल वाटले नसते. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी हाच धोका दाखवला होता. राजकीय बहुमत विचारांवर बनते आणि बदलते. जातीय बहुमत जन्मानेच ठरलेले असते. भाषेचे राज्य झाले की त्या भाषेतील सर्वांत मोठी जात राज्य करते, आणि लहान समाज तिच्या दयेवर राहतो. म्हणून त्यांनी मराठी मुलखाची एकच नव्हे तर चार राज्ये सुचवली: मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. पाकिस्तानवरील ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीत तर त्यांनी कायद्याचा मसुदाच दिला. मुस्लिमांचा कौल घ्यावा, पण त्या प्रदेशातील मुस्लिमेतरांनाही वेगळे विचारावे. क्रींनी जे केले त्याचे तत्त्व यात आहे. त्याच ग्रंथात त्यांनी कॅनडातील फ्रेंच आणि इंग्रजांचे उदाहरणही तपासले आहे, हे आपले लोक क्वचितच सांगतात.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना 'युनियन' हा शब्द का, हे सांगताना त्यांनी पुन्हा कॅनडाचा दाखला दिला. भारतीय संघराज्य घटक राज्यांच्या कराराने झालेले नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा अधिकार नाही, अशी त्यांची मांडणी होती. अमेरिकेला हे ठरवायला यादवी युद्ध करावे लागले. आपण ते आधीच लिहून ठेवू, असे त्यांचे म्हणणे.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट १९९८ रोजी मधला मार्ग काढला. एकतर्फी फुटण्याचा हक्क क्युबेकला कॅनडाच्या कायद्यात नाही आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातही नाही. मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले तर उरलेल्या देशाला वाटाघाटी कराव्याच लागतील. संघराज्य, लोकशाही, कायद्याचे राज्य आणि अल्पसंख्याकांचे संरक्षण, ही चार तत्त्वे न्यायालयाने त्या वाटाघाटींना बांधून दिली, आणि त्यांत आदिवासींचे हितसंबंध विचारात घ्यावे लागतील असेही म्हटले. पण त्यांच्या आक्षेपाच्या खोलात न्यायालय शिरले नाही. एकतर्फी हक्कच नाही म्हटल्यावर त्याची गरज उरत नाही, असे कारण दिले. वकील म्हणून मला हा निकाल मोठा वाटतो, आणि नेमक्या याच जागी अपुरा वाटतो.

क्री जिंकू शकले, कारण त्यांच्याकडे सलग भूमी होती. नकाशावर बोट ठेवून 'एवढे आमचे' म्हणता येत होते. २००२ साली स्वतंत्र क्युबेकच्याच पक्षाच्या सरकारला, मुख्यमंत्री बर्नार लांद्री यांना, क्रींशी पन्नास वर्षांचा नवा करार करावा लागला. आमचे काय? आम्ही प्रत्येक गावाच्या वेशीबाहेर विखुरलेले. आमचा नकाशा काढता येत नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी ती पुन्हा मांडली, त्यामागे हीच जाणीव होती. ती मान्य झाली नाही. मग उरले घटनेतील हक्क. दिल्लीवर विश्वास टाकून ते टिकत नाहीत, हा आपला अनुभव. पण राज्याच्या राजधानीत ज्या जातीचे राज्य असते तिच्या हाती ते पूर्णपणे सोपवणे त्याहून घातक.

म्हणून स्वयंनिर्णयाच्या प्रत्येक घोषणेला आपण टाळ्या वाजवाव्यात असे मला वाटत नाही, आणि 'राष्ट्राची अखंडता' म्हणत प्रत्येक मागणी देशद्रोह ठरवणाऱ्यांच्या रांगेतही उभे राहू नये. मी स्वतः वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा आहे. बाबासाहेबांच्या चारपैकी एक राज्य तेच. मागे अशा एका सभेत मी विचारले, नव्या राज्यात गडचिरोलीच्या गोंडाचे आणि गावकुसाबाहेरच्या बौद्धाचे संरक्षण कागदावर काय असेल? व्यासपीठावरून उत्तर आले, 'वकीलसाहेब, आधी राज्य तर होऊ द्या, मग बसून ठरवू.'

क्रींनी आपली मतपेटी सहा दिवस आधी मांडली होती.