कोंबड्यांच्या ओस आवारात भाजीपाला

घराशेजारी कोंबड्या पाळण्याचा जोडधंदा आपल्या खेड्यांतून पुष्कळ कुटुंबे करतात. कधी मानमोडीच्या साथीत सारा कळप नाहीसा होतो, कधी खाद्याचा खर्च परवडेनासा होतो, आणि जाळीचे कुंपण घातलेले आवार ओस पडते. अशी जागा भाजीपाल्यास उत्तम, असा सर्वत्र समज आहे. तो खोटा नाही, परंतु अपुरा आहे. अपुऱ्या समजापायी नुकसान कसे होते, हे प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या चुकीतून अनुभवले आहे. म्हणून तो अनुभव प्रथम सांगणे उचित होईल.

एक अनुभव

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावी एका भगिनीने वीस फूट रुंद व तीस फूट लांब आवारात कोंबड्या पाळल्या होत्या. पतीच्या पश्चात अंड्यांच्या पैशावरच मुलांच्या शाळेचा खर्च भागत असे. फाल्गुनात मानमोडी आली आणि आठवड्याभरात आवार रिकामे झाले. ज्येष्ठात मी तेथे गेलो. जमीन काळीभोर व भुसभुशीत दिसली. कोपऱ्यात जुन्या गादीचा ढीगही होता. "ढीग पसरून द्या आणि मृगाचा पाऊस होताच मिरची-वांगी लावा," असा सल्ला मी दिला. मातीची परीक्षा करण्याचे मला सुचले नाही.

बाईंनी उसनवारी करून रोपे आणली. दहाव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या आणि पंधरा दिवसांत बहुतेक रोपे गेली. मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, खत तर आयते होते, मग रोपे का जळाली?" त्या प्रश्नाचे उत्तर पुढे दिले आहे.

रोपे का जळतात?

शेणखतात नत्राचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असते. कोंबडीखतात ते सुमारे तीन टक्के असते. स्फुरदही कित्येक पटींनी अधिक असते. पक्ष्यांच्या विष्ठेतील नत्र मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात असतो. ओल मिळताच त्याचे युरियात व नंतर अमोनियात रूपांतर होते. या अमोनियाने कोवळी मुळे भाजतात. शिवाय विष्ठेतील क्षार वर्षानुवर्षे एकाच जागी साठतात आणि मुळांना पाणी शोषून घेणे कठीण होते. अंड्यांवरील कोंबड्यांना चुना व शिंपल्यांचा चुरा दिला जातो. त्याने आधीच चुनखडीयुक्त असलेल्या काळ्या जमिनीचा सामू आणखी वाढतो. म्हणून अशा जागी राख किंवा चुना घालू नये.

आवाराचा वरचा थर भुसभुशीत दिसला, तरी खालची माती पायांनी तुडवून घट्ट झालेली असते. जमीन श्रीमंत असते, पण तयार नसते.

जागेची स्वच्छता

गादीचा व विष्ठेचा थर प्रथम खरवडून काढावा. धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडावे, नाकातोंडावर कापड बांधावे व काम संपताच हात साबणाने धुवावेत. तारांचे तुकडे, खिळे व काचा वेचून घ्याव्यात. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे असल्यास त्यात अॅस्बेस्टॉस असू शकते. असे पत्रे फोडू अथवा कापू नयेत. फार जुन्या खुराड्यांत पिसवा-गोचिडांसाठी गॅमेक्झिनची भुकटी वापरली जात असे. १९९७ साली या औषधावर देशात बंदी आली. अशी शंका असल्यास खुराड्याखालची चार बोटे माती काढून टाकावी आणि तेथे मुळा, गाजर यांसारखी कंदमुळे घेऊ नयेत.

काढलेल्या गादीचे खत

गादी टाकून देऊ नये, ती कुजवावी. एक पाटी गादीस दोन ते तीन पाट्या कोरडा पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा बाजरीचे बारीक केलेले सरमड मिसळावे. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवावी. ढीग आतून चांगला तापला पाहिजे, कारण त्या उष्णतेनेच रोगजंतू मरतात. दर पंधरवड्यास ढीग उलथावा. सुमारे तीन महिन्यांत अमोनियाचा वास जाऊन मातीसारखा वास येऊ लागतो. त्यानंतरच हे खत वापरावे.

ताज्या विष्ठेत माणसांना आजार करणारे जंतू असतात. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार न कुजविलेले खत घातल्यापासून मातीस लागणाऱ्या भाजीच्या काढणीपर्यंत १२० दिवस, आणि इतर भाजीसाठी ९० दिवस जावे लागतात. आपणही तेवढे अंतर ठेवणे हिताचे आहे.

मातीची परीक्षा

आवारात चार-पाच ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन त्यांतील माती एकत्र करावी आणि अर्धा किलो नमुना जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावा. विद्युत वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास क्षारांची भीती नसते. घरच्या घरीही पडताळा पाहता येतो. एका कुंडीत आवाराची व दुसऱ्या कुंडीत शेतातील माती भरून दोन्हींत मेथी पेरावी. आवाराच्या मातीतील मेथी विरळ उगवली अथवा करपली, तर लागवड लांबणीवर टाकावी.

पिकांचा क्रम

जमीन एक फावडे खोल खणून ढेकळे फोडावीत. निचऱ्याची सोय करून पावसाचे पाणी मुरू द्यावे, म्हणजे क्षार खाली जातात. पहिल्या वर्षी कोणतेही खत घालू नये.

पहिल्या हंगामात मका किंवा लाल भोपळा यांसारखे खादाड पीक घ्यावे. मात्र अशा जमिनीतील कोवळ्या अथवा ताण बसलेल्या मक्यात नायट्रेट साठून जनावरास विषबाधा होऊ शकते. म्हणून कणसे भरल्यावरच चारा कापावा आणि इतर वैरणीत मिसळून थोडा थोडा द्यावा. गवार, घेवडा, चवळी या हंगामात नकोत. त्यांचा नुसता पाला माजतो. दुसऱ्या हंगामात वांगी, मिरची किंवा कोबी आणि तिसऱ्यापासून मेथी, पालक, कोथिंबीर घ्यावी. कुंपणाची जाळी काढू नये. तिच्यावर दुधी, दोडका, कारले व काकडी उत्तम चढतात, आणि शेजारच्या कोंबड्या व शेळ्यांपासून वाफ्यांचे रक्षण होते.

त्या आवाराची पुढील हकीगत

रोपे जळाल्यावर आम्ही मातीचा नमुना पाठविला. क्षार मर्यादेबाहेर निघाले. पसरलेली गादी दोन दिवस खपून पुन्हा गोळा केली व कुजत घातली. आषाढात मका पेरला. तो पुरुषभर उंच वाढला. पण घरात पैसा आला नाही, आणि ते वर्ष बाईंनी मजुरीवर काढले. रब्बीत वांग्यांनी रोपांची उसनवारी फिटली. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यापासून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आठवडे बाजारात जाऊ लागल्या. अर्ध्या गुंठ्याहून थोडी अधिक जागा, पण शाळेचा खर्च तीतून पुन्हा निघू लागला.

प्रारंभीच माती तपासली असती, तर त्या कुटुंबास रोपांचा भुर्दंड पडला नसता. म्हणून शेतकरी बंधुभगिनींना विनंती की, ओस आवार हाती घेताना रोपे आणण्यापूर्वी मातीचा नमुना द्यावा; आणि कोणी अधिकारी माती न पाहताच सल्ला देऊ लागल्यास त्यालाही तो नमुना घेण्यास सांगावे.