बटण दाबलं, पण कोणी ऐकलं का?



किनारा मागे पडला की मोबाईलची रेंज जाते, हे तुम्हाला सांगायला नको. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी आसऱ्यासाठी देवगड बंदरात आल्या. तोवर घरच्यांच्या जिवाला घोर!

अशा वेळेसाठी इस्रोचं 'डॅट' यंत्र २०१० पासून आहे. बटण दाबलं की बोटीची ओळख आणि ठिकाण उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्रात जातं, तिथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे. पण संदेश पोचला की नाही, हे बोटीवर कळायचं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने जाहीर केलेल्या नव्या 'डॅट-एसजी'ने ही उणीव भरून काढली. आता 'संदेश मिळाला' असं उत्तर बोटीवर येतं. यंत्र ब्लूटूथने मोबाईलला जोडायचं आणि ॲपवर आपल्या भाषेत वाचायचं. रेंज लागत नाही. वादळाचा इशारा आणि मासळी कुठे मिळू शकेल, ही माहितीही त्यावरच येते.

आपली हाक कोणीतरी ऐकलीय, एवढं कळलं तरी खलाशांचा धीर टिकतो.

म्हणून एक विनंती. यंत्र फक्त तांडेलाला येऊन चालणार नाही. तांडेलच पाण्यात पडला तर? १ जून ते ३१ जुलै बंदीत बोटी वर असतात, तेव्हा प्रत्येक खलाशाला शिकवा. गंमत म्हणून मात्र बटण दाबू नका. व्हीएचएफ चॅनल १६ आणि तटरक्षक दलाचा १५५४ नंबरही केबिनमध्ये लिहून ठेवा.